वीस पावलं, तीस पावलं

गुरुजी मुद्दाम हळू बोलतात. वयाचा दोष नाही. ऐंशीला टेकले तरी साताऱ्याच्या पोवई नाक्यावर रिक्षावाल्याला मारलेली त्यांची हाक चौकाच्या पलीकडे जाते. पण उपनिषद उघडलं आणि समोर माइक आला की त्यांचा आवाज एकदम उतरतो, शेजारच्या खोलीत तान्हं मूल निजलंय असा. त्यांचं निरूपण मी ध्वनिमुद्रित करते आणि दर आठवड्याला पॉडकास्ट म्हणून सोडते. मुंबईत डबिंगच्या स्टुडिओत बरीच वर्षं काढून साताऱ्यात येऊन राहिले, तेव्हापासूनचं हे काम. पैसे नाहीत, वाद भरपूर.

तक्रारी एकाच चालीच्या असतात. ‘आवाज फार बारीक येतोय.’ ‘फुल्ल केला तरी ऐकू येत नाही.’ डोंबिवलीच्या एक काकू स्वयंपाक करताना ऐकतात. कुकर, एक्झॉस्ट आणि गुरुजी यांच्यात गुरुजी तिसरे येतात. मी गुरुजींना म्हटलं, जरा मोठ्याने बोला. ते म्हणाले, “अगं, ज्याला ऐकायचंय तो पुढे सरकेल.”

या वाक्यामागे मोठी परंपरा उभी आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात यज्ञापेक्षा जप दहापट श्रेष्ठ सांगितला आहे, शेजारच्यालाही ऐकू न येणारा उपांशु जप शंभरपट आणि नुसत्या मनातला हजारपट. म्हणजे आवाज जितका कमी तितकं पुण्य जास्त. आमच्या गल्लीतल्या मांडवासमोरच्या स्पीकरच्या भिंती ऐकल्यावर मनूचं हे गणित कुणालाही पटेल. हळू बोलणं सात्त्विक आणि ओरडणं तामसी, ही समजूत आपल्या अंगात इतकी मुरली आहे की ती तपासावी असं कुणाला वाटत नाही. मला वाटतं, कारण तिची किंमत काय असते ते मला मीटरवर दिसतं.

पॉडकास्टच्या आवाजाला एक ठरलेली पातळी असते. ती मोजण्याची रीत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये घालून दिली, आणि तिच्या आधारे अ‍ॅपलने आपल्या पॉडकास्टसाठी सरासरी उणे १६ ही पातळी सुचवली आहे, एखादा डेसिबल इकडेतिकडे. गुरुजींचं कच्चं मुद्रण उणे ३० च्या आसपास भरतं. दहा डेसिबल उतरले की माणसाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. इथे चौदा उतरलेले. ऐकणारा काय करणार? बटण शेवटपर्यंत नेतो. मग निरूपण संपतं, त्याच फोनवर पुढचा कार्यक्रम किंवा एखादी जाहिरात नेहमीच्या पातळीवर सुरू होते आणि कानात दणका बसतो. गुरुजींच्या विनयाचा शेवट असा ऐकणाऱ्याच्या कानठळ्या बसण्यात होतो. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “दणका जाहिरातीचा, माझा नव्हे.” उत्तर चलाख होतं. मला पटलं नाही.

मग त्यांनी पतंजली काढला. महाभाष्यात भेरीचा दाखला आहे. चर्चा खरं तर जलद, मध्यम आणि विलंबित उच्चाराची आहे: तोच स्वर कुणी भरभर म्हटला, कुणी रेंगाळत म्हटला, तर स्वर बदलतो का? पतंजली म्हणतो, बदलत नाही. भेरीवर टोला पडला की कुठला आवाज वीस पावलं जातो, कुठला तीस, कुठला चाळीस. ही वाढ ध्वनीची. स्फोट, म्हणजे खरा शब्द, आहे तेवढाच राहतो. (दीडपट वेगाने निरूपण ऐकणाऱ्या मंडळींना दोन हजार वर्षांपूर्वीचं हे संरक्षण ठाऊक नसावं.) गुरुजींचा रोख सरळ होता. शब्द उणे १६ वर मोठा होत नाही आणि उणे ३० वर लहान होत नाही, मग तू एवढी का धडपडतेस?

सिद्धांत म्हणून मला हे फार आवडतं. मी आवाज वाढवते तेव्हा करते ते नेमकं हेच: एका आकड्याने सगळ्या लहरींना गुणायचं. शब्दाला हातही लागत नाही. पण त्याच गुणाकारात छतावरचा पंखा वाढतो, खालून गेलेली स्कूटर वाढते आणि खोलीचा एरवी लक्षातही न येणारा घुमारा वाढतो. मुळात शब्द आणि पंखा यांच्यात जे अंतर होतं ते मागाहून कुणालाही वाढवता येत नाही. नको तो आवाज काढून टाकणारी यंत्रणा आता पुष्कळ हुशार झाली आहे, पंखा पुसूनही टाकते, पण पुसताना सकारांची कड घेऊन जाते. ते अंतर बोलणाऱ्याच्या तोंडापाशीच ठरतं. म्हणजे ध्वनी हा शब्दाचा नुसता गुण असला तरी त्याची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर भेरीच्या दाखल्यात नाही. एकेचाळिसाव्या पावलावर उभ्या असलेल्या माणसाबद्दल पतंजली काही बोलत नाही.

भर्तृहरी बोलतो असं मला वाटतं. वाक्यपदीयात तो म्हणतो की लांबून किंवा अंधारात पाहिलेली वस्तू आधी भलतीच वाटते आणि मग हळूहळू आहे तशी दिसते. ध्वनींतून शब्द उमगतो तो असाच. यातलं ‘आधी भलतीच’ मला महत्त्वाचं वाटतं. कमी ऐकू आलं तर शब्द थोडा पोचतो असं नाही, त्याच्या जागी दुसराच शब्द पोचतो. एका श्रोत्याने विचारलं होतं, ‘गुरुजी जगाला ब्रह्म म्हणाले की भ्रम? दोनदा ऐकलं, नक्की कळलं नाही.’ मी निरोप वाचून दाखवला. गुरुजी मनापासून हसले. “दोन्ही बरोबर आहे म्हणून कळव.” मी तसं कळवलं नाही.

आता अवधानाचं. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाचा आरंभच श्रोत्यांकडे अवधान मागण्याने होतो. दासबोधाच्या अठराव्या दशकाचा शेवटचा समास तर श्रोत्यांच्या अवलक्षणांचाच आहे. समर्थांना समोर डुलक्या घेणारे पुष्कळ भेटले असणार. त्यामुळे ऐकू आलं नाही म्हणजे लक्ष नव्हतं, हा निष्कर्ष आपल्याकडे तयारच असतो. कोरेगावचे एक श्रोते एसटीचे निवृत्त कंडक्टर आहेत. आयुष्य डिझेल इंजिनाच्या आवाजात गेलं. वय आणि गोंगाट दोन्ही कानाच्या वरच्या पट्टीवर आधी घाला घालतात. स, श, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख बरीचशी त्याच पट्टीत असते, सकाराचा जोर तर चार हजार हर्ट्झच्या वरच. अशा माणसाला कुणीतरी बोलतंय हे कळतं, स्वर येतात, वाक्य येत नाही. त्यात आवाज मुळातच लहान असेल तर निरोगी कानालाही खर्ज आणि वरच्या पट्ट्या मधल्या पट्टीपेक्षा जास्त बोथट ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. कोरेगावच्या या गृहस्थांना ‘पुढे सरका’ म्हणणं म्हणजे शरीराच्या उणिवेला चारित्र्याची उणीव ठरवणं. आणि सरकायचं कुठे? इअरफोन कानातच आहे. त्याच्या पुढे जागा नाही.

हळू आवाजाची थोरवी गाणाऱ्यांचे कान शाबूत असतात, असा माझा संशय आहे.

गुरुजींशी वाद घालताना मला एक फरक हळूहळू स्पष्ट झाला. मनूने गौरवलेला जप माणसाला उद्देशून नसतो. उपांशु शेजारच्याला ऐकू आला तर तो उपांशु राहत नाही. निरूपण शेजारच्याला ऐकू आलं नाही तर ते निरूपण राहत नाही. एकाचं पुण्य दुसऱ्याच्या खात्यावर टाकता येणार नाही. याज्ञवल्क्य मैत्रेयीला आत्म्याबद्दल सांगताना श्रवण, मनन, निदिध्यासन असा क्रम लावतो आणि त्यात श्रवण आधी आहे. यावर गुरुजींचं म्हणणं असं की वेदान्तातलं श्रवण कानाचं काम नव्हेच. वाक्याचं तात्पर्य ठरवणं म्हणजे श्रवण. मान्य. पण तात्पर्य ठरवायला वाक्य हातात पडायला हवं. त्यावर ते थोडा वेळ बोलले नाहीत, आणि मी ते मुद्रण पुसलेलं नाही.

मला मोजमाप सापडलं ते दुसऱ्याच घरी. मज्झिम निकायातल्या ब्रह्मायु सुत्तात एक तरुण बुद्धाचं चालणं, बसणं, जेवणं बारकाईने पाहून आपल्या आचार्यांना सांगतो. बोलण्याबद्दल तो सांगतो की बुद्धाचा आवाज सभेच्या कडेपर्यंत स्पष्ट पोचतो आणि सभेच्या बाहेर जात नाही. ध्वनिमुद्रकाला याहून चांगली व्याख्या मिळणार नाही. इथे हळूपणा गुण नाही, मोठेपणाही नाही. शेवटच्या माणसापर्यंत पोचणं हे वक्त्याचं काम, आणि त्याच्या पलीकडच्या झोपलेल्या गावाला न उठवणं हेही त्याचंच काम. आपल्या उत्सवांचे कर्णे दुसऱ्या अर्ध्यात नापास होतात, गुरुजी पहिल्या अर्ध्यात.

अडचण एवढीच की पॉडकास्टला सभाच नसते. कड कुठे आहे ते बोलणाऱ्याला दिसत नाही. एकजण अंथरुणात पडून ऐकतोय, एकजण विरार लोकलच्या दारात, काकू कुकरजवळ. पहिल्याला जे पुरेसं ते दुसऱ्याला शून्य. दाराशी उभा असलेला तो आवाज इतका चढवतो की कानाचं नुकसान ठरलेलं: जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास सुरक्षित, ९० वर फक्त चार. म्हणून उणे १६ हा आकडा मी आता यंत्राचा नियम म्हणून पाहत नाही. ज्यांची तोंडं दिसत नाहीत अशा माणसांची कुणीतरी अंदाजाने मांडलेली ती सभा आहे, आणि तिच्या कडेपर्यंत जाणं हे माझ्या लेखी शिष्टाचारापेक्षा धर्माच्या जवळचं आहे.

गुरुजींनी आवाज चढवलेला नाही, चढवणारही नाहीत. पण माइक तोंडापासून चार बोटांवर आणायला ते तयार झाले, फुंकर लागू नये म्हणून जरा तिरका. पंखा बंद, उन्हाळ्यातसुद्धा. ती त्यांची तपश्चर्या. मग मी जे वाढवते ते बहुतेक शब्दच असतात. एक गोष्ट मात्र मी यंत्रावर सोपवत नाही. आवाज आपोआप सारखा करणाऱ्या सोयी, मध्ये कुणी बोलायचं थांबलं की ती जागा रिकामी आहे असं समजून तीही फुगवतात, नाहीतर कापून टाकतात. गुरुजी नेति नेति म्हणून थांबतात तेव्हा ते पुढचं वाक्य आठवत नसतात. त्या जागा मी हाताने राखते.

त्यांचा एक मुद्दा मात्र मला अजून खोडता आलेला नाही. ते म्हणतात, सगळ्यांना सगळं विनासायास ऐकू आलं तर कुणी कशासाठी धडपडेल? मी उत्तर जुळवत होते तेवढ्यात कोरेगावहून निरोप आला: ‘आवाज आता चांगला येतो. काल तोच भाग पुन्हा लावला, आज पुन्हा लावला. माण्डूक्य काही कळत नाही.’ गुरुजींनी निरोप दोनदा वाचायला लावला आणि म्हणाले, “त्यांना सांग, चौथ्या मंत्रापाशी मीही अडकलो होतो. पुढच्या वेळी तिथूनच सुरू करू.”