पुन्हा हाती बॅटन



संत पौलाने श्रद्धेच्या जीवनाला शर्यतीची उपमा दिली. आपण ती शर्यत एकट्याची समजतो. जमैका या लहानशा बेटाचे धावपटू आर्थर विंट आपल्याला वेगळे शिकवतात. १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांनी ४०० मीटरचे सुवर्ण आणि ८०० मीटरचे रौप्यपदक मिळवले. पण ४ बाय ४०० मीटर रिलेच्या अंतिम शर्यतीत, तिसऱ्या टप्प्यात, त्यांच्या पायात गोळा आला. बॅटनची वाट पाहणाऱ्या हर्ब मॅकेन्ली यांना धावताच आले नाही.

१९५२ साली हेलसिंकीत तेच चौघे पुन्हा उतरले. पहिला टप्पा विंट यांच्याकडे होता. ३ मिनिटे ३.९ सेकंदांच्या विश्वविक्रमासह त्यांनी सुवर्णपदक जिंकले.

आपल्या घरात, धर्मग्रामातही कुणीतरी ऐनवेळी कमी पडलेले असते. त्याच्यावर पुन्हा काही सोपवायला आपण धजत नाही. प्रभूने मात्र तीन वेळा नाकारणाऱ्या पेत्राच्याच हाती आपली मेंढरे सोपवली. या आठवड्यात अशा एका व्यक्तीवर आपण पुन्हा विश्वास टाकू या. आणि कमी पडलेले आपणच असू, तर संकोच न करता हात पुढे करू या.