जुने यंत्र आणि आपला कारभार

इंदूरच्या आमच्या मंडळीचा जुना लॅपटॉप फार मंदावला. प्रोसेसर बदलावा, असे काही बंधूंनी सुचविले. जाणत्यांना विचारता कळले की, २०१५ नंतरच्या बहुतेक लॅपटॉपांत तो बोर्डालाच डाकलेला असतो. आमचा त्याआधीचा, त्यात बदलता येईल, परंतु जुन्या बोर्डाला मानवेल तोच, आणि विंडोज ११ ला तो पुरणार नाही. मंदपणा खरे तर फिरत्या हार्डडिस्कचा होता.

प्रिय वाचकहो, दानपेटीत विधवेच्या दोन टोल्याही असतात. ‘परवडेल काय?’ असे आपण लगेच विचारतो. ‘उणीव नेमकी कोठे आहे?’ हे विचारण्याचा धीर मात्र धरीत नाही. विश्वासू कारभाऱ्याने तो धरावा. आम्ही एसएसडी बसविली, विनामूल्य लिनक्स घातले आणि उरलेली रक्कम आजाऱ्यांच्या निधीस दिली.