'आकृती' म्हणजे कोण?

चित्रकलेच्या प्राथमिक परिभाषेत 'आकृती' हा शब्द निरुपद्रवी मानला जातो. रेषा, छायाभेद, पोत, अवकाश यांच्या पंक्तीत तो बसतो, आणि कलाशिक्षणाच्या पहिल्याच पायरीवर आपण माणसाला 'मानवाकृती' म्हणू लागतो. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची चित्रे पाहताना मात्र ही परिभाषा अडखळते. उपासमारीने मरणाऱ्या माणसाच्या फासळ्यांविषयी 'लयबद्ध रेषा' असे म्हणणे नैतिकदृष्ट्या क्षम्य आहे काय?

परिभाषाच टाकून द्यावी, असे यावर सहज सुचते. परंतु मग उरते ती निव्वळ हळहळ. आणि हळहळीला एक चित्र दुसऱ्यापासून वेगळे ओळखता येत नाही. झैनुल आबेदिन यांनी स्वस्त कागदावर काळ्या शाईने केलेल्या अनेक रेखाटनांत पार्श्वभूमी जवळजवळ नाहीच. हा रिक्त अवकाश ओळखल्याखेरीज त्या माणसांचे बेवारसपण दिसत नाही. (मराठीत 'अवकाश' म्हणजे सवडही, ती त्यांना नव्हती.) चित्तप्रसाद यांनी त्याच वर्षी मिदनापूर जिल्ह्यात फिरून केलेल्या रेखाटनांसोबत माणसांची नावे-गावे नोंदवली. त्यांच्या 'हंग्री बेंगॉल' या पुस्तिकेच्या प्रती ब्रिटिश सरकारने जप्त करून नष्ट केल्या. येथे नाव हा चित्राचाच घटक आहे. पण आपल्या परिभाषेत त्याला स्थान नाही. ते लेखन 'दस्तऐवज' म्हणून चौकटीबाहेर ठेवण्याची रीत मला सोयीस्कर पळवाट वाटते. नाव कोठे येते, आकृतीशी त्याचा संबंध काय, हे रचनेचेच प्रश्न आहेत.