निकालाची साक्ष

फेब्रुवारीच्या मध्यावर अमेरिकेतल्या बेसबॉल संघांचे सराव-तळ फ्लोरिडात आणि ॲरिझोनात पडतात. त्यानंतरच्या सहा आठवड्यांत प्रत्येक संघाला एक अवघड निवड करावी लागते: बुलपेनमध्ये कोणाला ठेवायचे? बुलपेन म्हणजे बदली पिचर, म्हणजे रिलीव्हर, जिथे हात गरम करतात ती, बहुधा कुंपणाआडची जागा. तिथल्या सात-आठ पिचरांच्या तुकडीलाही तेच नाव आहे. सुरुवातीचा पिचर थकला की यांच्यातल्या एकाला बोलावतात. थोडक्या आघाडीवर शेवटची, म्हणजे नववी इनिंग जो सांभाळतो तो क्लोजर. ही निवड ज्या पुराव्यावर करायची तो मात्र तुटपुंजा असतो. सराव सामन्यांत एका रिलीव्हरच्या वाट्याला जेमतेम दहा-बारा इनिंग्ज येतात. त्यातही समोर कधी नावाजलेला बॅटर असतो, तर कधी पाठीवर नव्वदीतला क्रमांक असलेला, आठवड्याभरात मायनर लीगच्या तळावर परत जाणारा नवखा पोरगा. मुरलेला पिचर मार खातो तेव्हा तो कदाचित चेंडूची नवी पकड आजमावत असतो. अशा धूसर उजेडात घेतलेला निर्णय बरोबर की चूक, हे कशावरून ठरवायचे? माझ्या मते ते ठरते निर्णयाच्या क्षणी हाती असलेल्या ज्ञानावरून आणि त्या ज्ञानाशी राखलेल्या प्रामाणिकपणावरून. निकाल हा या खटल्यातला साक्षीदार आहे. त्याची साक्ष ऐकलीच पाहिजे, पण त्याला न्यायासनावर बसवता येत नाही.

बॉस्टन रेड सॉक्सचे 2003 सालचे उदाहरण या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखे आहे. आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स 2002 च्या अखेरीस या संघाचे सल्लागार झाले. सामन्यातला सर्वांत धोक्याचा क्षण सातव्या इनिंगमध्येही येऊ शकतो. मग उत्तम रिलीव्हर केवळ नवव्या इनिंगसाठी राखून का ठेवायचा, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. 2003 च्या मोसमासाठी बॉस्टनने ठरावीक क्लोजर न नेमता परिस्थितीनुसार पिचर निवडायचे ठरवले. 31 मार्चला टॅम्पा बेविरुद्ध मोसमाचा पहिला सामना झाला. नववी इनिंग सुरू झाली तेव्हा बॉस्टन 4-1 असे पुढे होते. ॲलन एम्ब्रीच्या चेंडूवर टेरी शम्पर्टने दोन धावांचा होम रन मारला. एम्ब्रीच्या जागी चॅड फॉक्स आला आणि कार्ल क्रॉफर्डने तीन धावांचा होम रन मारून सामना 6-4 असा संपवला. पहिल्याच रात्री सगळ्या कल्पनेची टिंगल सुरू झाली. पण एका इनिंगमधल्या दोन फटक्यांनी कोणता सिद्धांत खोटा ठरला? फार तर एवढेच दिसले की, त्या जागेवर उभे केलेले हात पुरेसे भक्कम नव्हते. संघाने साक्ष ऐकली आणि पुढच्या हिवाळ्यात कीथ फोक या भरवशाच्या क्लोजरला करारबद्ध केले. मूळ विचार मात्र टिकला. 2004 च्या ऑक्टोबरात, हरलो तर सगळे संपले अशा सामन्यात, याच फोकला सातव्या इनिंगमध्येच मैदानावर आणण्यात आले. पुढे 2016 मध्ये क्लीव्हलंडने अँड्र्यू मिलरला मधल्या इनिंग्जमध्ये वापरून त्या विचाराचे बळ सर्वांना दाखवले.

कृती आणि फळ यांच्यातला हा सांधा आपल्या परंपरेने फार पूर्वी तपासलेला आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे म्हणजे साधने, नानाविध चेष्टा आणि पाचवे दैव. नवव्या इनिंगमधल्या पिचरला हे तंतोतंत लागू पडते. त्याचे शरीर, त्याचा निश्चय, बोटांची पकड आणि हाताची फेक हे सारे जुळून येते. तरीही चेंडू बॅटच्या कडेला लागून क्षेत्ररक्षकांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडतो. पाचांतले एक कारण हाताबाहेरचे असताना फळाचे सगळे माप कर्त्याच्या पदरात टाकणे हा हिशेबच चुकीचा आहे. टिळकांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त हाच मुद्दा नीतिशास्त्राच्या अंगाने मांडला. पुष्कळांचे पुष्कळ सुख या बाह्य परिणामाच्या मापाने कर्माची नीती ठरत नाही, कर्त्याची बुद्धी पाहावी लागते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यासाठी त्यांनी अमेरिकेतल्याच एका शहराचा दाखला दिला आहे: लाच देऊन ट्रामगाडीची परवानगी मिळवली, लोकांची सोय झाली, तरी लाच हा गुन्हाच राहिला. 1976 साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या तत्त्वज्ञांनी ‘नैतिक नशीब’ या नावाने हाच पेच पुन्हा पुढे आणला. सारखाच दोष असलेल्या दोघांना आपण केवळ नशिबाच्या फरकामुळे वेगवेगळे माप लावतो, ही त्यांची बोच होती.

यावर पहिला आक्षेप जबाबदारीचा आहे. निकाल न्यायाधीश नसेल तर कोणीही ‘माझा हेतू चांगला होता’ म्हणून सुटेल. पण माझी कसोटी हेतूची नाही, ज्ञानाची आणि प्रामाणिकपणाची आहे, आणि ती निकालापेक्षा कडक आहे. 2003 च्या ऑक्टोबरातला, न्यूयॉर्क यँकीजविरुद्धच्या मालिकेतला सातवा आणि निर्णायक सामना घ्या. आठव्या इनिंगमध्ये बॉस्टन 5-2 असे पुढे होते. पेद्रो मार्तिनेझचे शंभर चेंडू टाकून झाले होते, आणि शंभरीनंतर त्याची धार उतरते हे संघाला ठाऊक होते. बुलपेनमधले रिलीव्हर त्या महिन्यात उत्तम फेकत होते. तरीही व्यवस्थापक ग्रेडी लिटल यांनी मार्तिनेझलाच ठेवले. बरोबरी झाली आणि अकराव्या इनिंगमध्ये आरन बूनच्या होम रनने बॉस्टन हरले. लिटल यांची नोकरी गेली. माझ्या मते त्यांचा निर्णय चुकीचा होता, आणि मार्तिनेझ त्या इनिंगमधून सुखरूप सुटला असता तरीही तो चुकीचाच ठरला असता. निकालाला न्यायाधीश मानणाऱ्याला हे दुसरे वाक्य म्हणता येत नाही. त्याच्या न्यायालयात दैवाने हात दिलेला निष्काळजी माणूस निर्दोष सुटतो.

निकालाच्या या हव्यासाचेच दुसरे रूप म्हणजे प्रतिस्पर्ध्याची बातमी. बॉस्टनला 2003 च्या डिसेंबरात ॲलेक्स रॉड्रिगेझ हवा होता. खेळाडूंच्या संघटनेने त्याच्या करारातली कपात मान्य केली नाही आणि व्यवहार फिसकटला. जानेवारीत बास्केटबॉल खेळताना बूनचा गुडघा जायबंदी झाला, तिसऱ्या बेसची जागा रिकामी पडली, आणि सराव सुरू होण्याच्या तोंडावर, फेब्रुवारीत, रॉड्रिगेझ यँकीजकडे गेला. बॉस्टनला हरवणाऱ्याच्याच दुखापतीने यँकीज बलाढ्य झाले. फोर्ट मायर्सच्या तळावर बॉस्टनच्या चाहत्यांना ही बातमी शिक्षेसारखी वाटली असेल. शेजाऱ्याच्या घरातल्या वाढीवरून आपले कमी मोजण्याची ही खोड फक्त खेळापुरती नाही. मत्सर हा षड्‌रिपूंपैकी एक मानला गेला, कारण तो दृष्टीच गढूळ करतो. समोरचा पिचर कसा आहे हे पाहण्याऐवजी माणूस दूरच्या तळावर काय चालले आहे ते पाहत राहतो. प्रतिस्पर्ध्याची माहिती नक्की ठेवावी, कारण तीही ज्ञानाचाच भाग आहे. पण त्या बातमीने आपल्या निवडीची किंमत ठरू देऊ नये. 2004 च्याच ऑक्टोबरात 0-3 असे मागे पडलेल्या बॉस्टनने यँकीजविरुद्ध सलग चार सामने जिंकले आणि मग 86 वर्षांनी जगज्जेतेपद मिळवले. फेब्रुवारीच्या त्या बातमीत यातले काहीच लिहिलेले नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. जिंकण्यासाठीच ज्याला पगार मिळतो त्याला, गीतेच्या भाषेत, फळाची आसक्ती सोड म्हणणे हा विरोधाभास नाही का? मला तसे वाटत नाही. ध्येय ठेवणे वेगळे आणि ध्येयाच्या चिंतेने हात थरथरू देणे वेगळे. मारियानो रिव्हेरा हे त्याचे उत्तम उदाहरण. 652 सेव्ह, म्हणजे शेवटपर्यंत राखलेल्या आघाड्या, आणि 2019 साली हॉल ऑफ फेममध्ये एकमताने निवड, असा हा यँकीजचा श्रद्धाळू क्लोजर. 4 नोव्हेंबर 2001 रोजी, जागतिक मालिकेच्या सातव्या सामन्यात, 2-1 अशी आघाडी असताना नववी इनिंग त्याच्या हातून निसटली. त्याचा सहकारी एन्रिके विल्सन विजयाच्या मिरवणुकीनंतर मायदेशी जाणार होता. हार झाल्याने तो आधीच गेला. ज्या विमानाने तो जाणार होता ते 12 नोव्हेंबरला न्यूयॉर्कमध्ये कोसळले आणि जमिनीवरच्या पाच जणांसह 265 माणसे दगावली. आपण हरलो याचा आनंद आहे, कारण त्यामुळे मित्र जिवंत राहिला, अशा अर्थाचे उद्गार रिव्हेराने काढले.

इथे कोणी विचारेल, मग देवाने विल्सनला वाचवले आणि बाकीच्यांना का नाही? या प्रश्नासमोर ‘सगळे चांगल्यासाठीच होते’ हे उत्तर निर्दय ठरते. त्या मृत्यूंना एका सामन्याच्या हारजितीत बसवणे हा त्यांचा अवमान आहे. हा प्रसंग मला इतकेच शिकवतो की, निकालाचे खाते कधी बंद होत नाही. 4 नोव्हेंबरला जे निव्वळ अपयश होते त्याचा अर्थ आठ दिवसांत पालटला. ज्याचा शेवटचा आकडा कधीच मांडता येत नाही, त्याच्या आधारावर माणसाचा न्याय कसा करणार? दैवी कौल निकालातून वाचू पाहणारा श्रद्धाळू आणि केवळ यशच मोजणारा व्यवहारी, दोघेही अपुऱ्या कागदावर निवाडा लिहितात.

म्हणूनच मार्चच्या अखेरीस, व्यवस्थापकाच्या खोलीत बोलावून ज्या पिचरला ‘या वेळी तुझे नाव नाही’ असे सांगितले जाते, त्याच्याबाबतीत खरा धर्म काय ते ठरवता येते. त्याला जागा मिळेलच असे नाही. जागा मोजक्याच असतात. पण त्याचा प्रत्येक चेंडू कोणीतरी नीट पाहिलेला असावा, आणि त्याला दिलेले कारण खरे असावे, हा त्याचा हक्क आहे. तो कपाट रिकामे करून निघतो तेव्हा हंगामाचा निकाल सहा-सात महिने दूर असतो. निवडणाऱ्याने आपले कर्तव्य केले की नाही, याचे उत्तर मात्र त्या खोलीत, त्या क्षणीच पूर्ण झालेले असते.