रिकाम्या आसनाचा प्रश्न

दुसऱ्या महायुद्धानंतर विमानवेधी क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांसाठी ब्रिटनला जेट विमानाच्या वेगाने उडणारे पण वैमानिकाविना चालणारे लक्ष्यविमान, म्हणजे केवळ नेम धरण्यासाठी आकाशात सोडायचे विमान, हवे होते. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी विमान कारखान्याने त्यासाठी 'जिंदिविक'चा आराखडा आखला आणि त्याचे उड्डाणगुण आधी पारखून घ्यावेत म्हणून 'पिका' नावाची दोन वैमानिकयुक्त प्रायोगिक विमाने बांधली. पिका १९५० मध्ये वूमेरा येथे उडाले, जिंदिविक १९५२ मध्ये. जिंदिविकमध्ये इंजिनाला हवा पुरवणारे तोंड पाठीवर होते; पिकात त्या जागी माणूस बसवायचा असल्याने हवेची वाट दोन्ही बाजूंना न्यावी लागली आणि उतरण्यासाठी चाकेही जोडावी लागली. ज्या रचनेत वैमानिकाला मुळात स्थानच नव्हते, तिच्यात तो असा काही काळ सामावला गेला.

कठोपनिषदात शरीराला रथ, बुद्धीला सारथी, मनाला लगाम आणि आत्म्याला रथी म्हटले आहे. सामान्य विमानात हाकणारा आणि बसलेला एकच असल्यामुळे या दोन भूमिकांमधला भेद लक्षात येत नाही. पिका-जिंदिविकच्या क्रमात मात्र तो उघड होतो, कारण सारथ्याचे कौशल्य मोजता आले आणि पुढे स्वयंचालक यंत्रणा व जमिनीवरचे नियंत्रक यांच्यात वाटून देता आले, पण रथी कोणाकडे सोपवला गेला नाही, तो नुसता वगळला गेला. यावर सांख्य विचारवंत म्हणेल की कर्तृत्व सर्वस्वी प्रकृतीचे आहे आणि पुरुष, म्हणजे शुद्ध चैतन्य, अकर्ता आहे, तेव्हा यात नवल ते काय? परंतु सांख्यांनी त्याच पुरुषाला भोक्ताही मानले आहे, आणि नैतिक प्रश्न नेमका तिथेच अडतो: क्षेपणास्त्र सोडण्याची मुभा मिळते ती यंत्राच्या स्वरूपामुळे नव्हे, तर त्यात भोगणारा कोणी नाही म्हणून.

तरीही सगळा निवाडा रिकाम्या आसनावर सोपवणे घाईचे ठरेल. जिंदिविकसाठी ब्रिटनमध्ये घडवलेले 'वायपर' हे जेट इंजिन मुद्दाम अल्पायुषी ठेवले होते, कारण जे विमान पाडले जाण्यासाठीच उडते त्याच्या इंजिनाला दीर्घायुष्य देणे हा अपव्यय मानला गेला. पुढे त्याच इंजिनाची दीर्घायुषी रूपे तयार झाली आणि त्यांतील एक भारतीय हवाई दलाच्या 'किरण' या प्रशिक्षण विमानात बसले, जिथे प्रशिक्षक आणि शिकाऊ वैमानिक शेजारी शेजारी बसत. प्रयोजन वस्तूबाहेर, फक्त वापरणाऱ्याच्या मनात असते असे मानणाऱ्यांना हे उदाहरण अडचणीचे आहे, कारण इथे विनाशाची अपेक्षा आराखड्यातून थेट धातूत उतरली होती आणि माणूस बसवण्यापूर्वी ती अभियंत्यांना तिथूनच काढून टाकावी लागली.