धडधड

यजमानांनी हार घातला, बुक्का लावला की माझ्या छातीत धडधड सुरू व्हायची. ३६ वर्षं मी कीर्तन करते आहे आणि इतकी वर्षं त्या धडधडीलाच देवाची चाहूल मानत आले.

दोन वर्षांपूर्वी हार्ट अ‍ॅटॅक आला. तेव्हापासून रोज सकाळी मेटोप्रोलॉलची गोळी. नाडी नव्वदवरून साठावर आली. बरी होऊन नारदाच्या गादीवर पुन्हा उभी राहिले, तर छाती गप्प. नमन झालं, सूर लागला, पण आत कुणी नाहीसं वाटलं. घरी येऊन रडले. एकादशीला अन्नाबरोबर गोळीही सोडावी, असं मनात आलं.

डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, "ताई, ही गोळी एकदम थांबवायची नाही." अ‍ॅड्रिनॅलिन ज्या बीटा रिसेप्टरवर बसायचं, ती जागा ही गोळी अडवून धरते. हृदय संथ चालतं, त्याला ऑक्सिजन कमी लागतो. गोळी अचानक तोडली तर अडवलेलं सगळं उसळून येतं आणि पुन्हा झटका येऊ शकतो.

बीटा रिसेप्टर अडवण्याची ही कल्पना स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांची. त्यांचं याच जातीचं औषध प्रोप्रानोलॉल १९६४ च्या सुमारास रुग्णांपर्यंत पोचलं, १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हृदयाला जास्त रक्त कसं पुरवायचं याच्या मागे सगळे असताना त्यांनी हृदयाची गरजच कमी करायचं ठरवलं. हे वाचलं तेव्हा मी मनोमन हात जोडले. आमचे संत याहून वेगळं काय सांगत होते?

कीर्तनाच्या पूर्वरंगात मी अष्टसात्त्विक भाव सांगते: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. एकदा सांगता सांगताच थबकले. यात धडधड नाहीच! वेपथु, म्हणजे कंप, या जातीच्या गोळ्यांनी कमी होतो. रोमांचाची वाट मात्र निराळी, अल्फा रिसेप्टरची. तिला ही गोळी हात लावत नाही. मग कंप गेला म्हणून भाव उणा झाला का? भाव निव्वळ शरीराचा खेळ आहे हे मला पटत नाही, आणि शरीराशी त्याचं काही देणंघेणं नाही हेही. पण माझ्या धडधडीत बरीचशी भीती होती. ओवी विसरण्याची, समोरच्या माणसांची. त्या भीतीलाच मी देवाचं नाव दिलं होतं, हे कबूल करायला मला गोळी लागली.

गेल्या महिन्यात जनाबाईचं आख्यान लावलं. देव दळू लागतो त्या प्रसंगाला गळा दाटला, दोन्ही हातांवर काटा आला. पेटीवाल्यांनी सूर धरून ठेवला. हातातल्या चिपळ्या स्थिर होत्या.