घेणाऱ्या हातांना देण्याचे सुख



श्रीदत्तप्रभूंच्या चित्रात मागे गाय उभी असते व चरणांपाशी चार श्वान असतात. गाय म्हणजे पृथ्वी व श्वान म्हणजे चार वेद, हा अर्थ आपण कीर्तनांतून ऐकत आलो आहोत. त्या चित्राचा एक साधा बोधही आहे: परमेश्वराच्या सांगाती मुकी जनावरे आहेत. मग वृद्धांच्या भेटीस जाताना आम्ही त्यांना का विसरावे?

वृद्धाश्रमात आपण फळे नेतो, वस्त्रे वाटतो. हे पुण्यकर्मच होय. परंतु ज्या हातांनी जन्मभर घरादारास वाढले, त्यांच्या वाट्यास आता केवळ घेणे उरते, आणि ते मनास फार टोचते. अशा वृद्ध शेतकऱ्यापुढे एखादे वासरू आणावे व त्याच्या मुठीत हिरवा चारा द्यावा. वासराने तो खाल्ला की घेणारा हात देणारा होतो. पंचमहायज्ञांतील भूतयज्ञ तरी याहून वेगळा काय आहे?

आमच्या वांकिडीहून चंद्रपूरमार्गे पुढे गेले की वरोऱ्याजवळ आनंदवन लागते. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापिली, तेव्हा आरंभीच्या त्या संसारात सहा कुष्ठरोगी व एक लंगडी गाय होती, असे सांगतात. ज्यांना समाजाने टाकले, त्यांच्या सोबतीस एक अधू जीव आला. दानाने माणूस दुबळा होतो, कामाने उभा राहतो, ही बाबांची धारणा होती.

परदेशातही हाच अनुभव आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली परिचर्येवरील आपल्या ग्रंथात, दीर्घकाळ आजारी असणाऱ्यास लहानसा पाळीव प्राणी उत्तम सोबती होतो, असे नमूद केले. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आठवड्यातून एकदा अर्धा तास श्वान भेटीस आणल्यानेही शुश्रूषागृहातील वृद्धांचा एकाकीपणा कमी झालेला आढळला.

मात्र दयेस विवेकाची जोड हवी. व्यवस्थापकांची अनुमती आधी घ्यावी. जनावर शांत, निरोगी व माणसांत वावरलेले असावे. श्वानास रेबीजची लस टोचलेली असावी. ज्यांना भीती वाटते, दमा आहे वा उघडी जखम आहे, त्यांना आग्रह करू नये. भेटीनंतर सर्वांनी साबणाने हात धुवावेत. आणि जनावर थकले तर त्यास तत्काळ घरी न्यावे. एका जीवाच्या सुखासाठी दुसऱ्यास कष्ट देणे हा धर्म नव्हे.

आपल्या घरी पोळ्यास बैलाला पुरणपोळीचा घास भरविण्याची रीत आहे. यंदाच्या पोळ्यास जवळच्या वृद्धाश्रमाच्या दाराशी एक गरीब स्वभावाचा बैल न्यावा, धन्याने कासरा धरावा आणि तो घास तेथील एखाद्या आजोबांच्या हातून भरवावा. आम्ही भेट दिली असे त्या दिवशी कोणी म्हणू नये. दाते ते आजोबा, आम्ही केवळ निमित्त.

सर्व भूतांच्या ठायी वसणारा श्रीहरी आम्हां सर्वांस ही बुद्धी देवो.